भरपाईनंतरचे शहर

राज्यघटना अमलात यायला काही दिवस उरले असताना, जानेवारी १९५० मध्ये, भारत सरकारने एका गिरणीसाठी स्वतंत्र वटहुकूम काढला. गिरणी सोलापूरची. कागदोपत्री तिचे नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, शहराच्या तोंडी मात्र जुनी गिरणी. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने ती बंद केली आणि पाच-सहा महिन्यांच्या आत सरकारने संचालकांना बाजूला सारून कारभार हाती घेतला. त्यासाठी कारणे दोन दिली होती. गैरकारभारामुळे एका जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनाला धक्का बसला आहे, हे एक. आणि समाजाच्या एका भागात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, हे दुसरे.

एका भागधारकाने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. चरणजितलाल चौधरी खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा टिकला. तीन वर्षांनी द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात मात्र तोच कायदा घटनाबाह्य ठरला. भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, असा न्यायालयाचा आक्षेप होता. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांत या निकालाची गणना होते. गिरणी पुढे चालली, अडखळली, आणि साठच्या दशकात कायमची थांबली.

त्या वटहुकुमातले दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. एका शहरात हजारो माणसे एकदम बेकार होणे हा केवळ मालक आणि कामगार यांच्यातला तंटा नाही, ती देशाने दखल घ्यावी अशी सार्वजनिक घटना आहे, असे नव्या राज्याने तिथे लिहून ठेवले. आज कारखाना बंद होतो तेव्हा काय होते? थकबाकी किती, बँकेचे आधी की कामगारांचे आधी, जमिनीचे काय, एवढ्यावर चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. शहर त्या हिशेबात पक्षकार नसते. ते असायला हवे, असे माझे म्हणणे आहे. बंद कारखान्याच्या शहराला भरपाई पुरत नाही आणि दुसरा कारखाना येईल म्हणून वाट पाहणे परवडत नाही. त्याला पहिल्या वर्षा-दोन वर्षांत काम हवे असते, आणि त्या कामाची हमी शासनाने घेतली पाहिजे.

भरपाईचा हिशेब आधी पाहू. कारखाना बंद झाला तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे आपल्या औद्योगिक कायद्याचे जुने माप आहे. वीस वर्षे साच्यावर उभे राहिलेल्या माणसाला तीनशे दिवसांचा पगार मिळतो. त्यात ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम मिळवली, आणि ती वेळेवर हाती पडली, तर आकडा एकदम मोठा दिसतो. पण त्यातून मुलीचे लग्न निघते, घरावर स्लॅब पडतो, सावकाराचे मिटते. उरले तर रिक्षा, पिठाची गिरणी, नाहीतर किराणा मालाचे छोटे दुकान. इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एकाच वस्तीतली शंभर माणसे एकाच महिन्यात छोटा धंदा सुरू करतात, आणि त्या सगळ्यांची गिऱ्हाईके तीच असतात, ज्यांचा पगार नुकताच थांबला आहे. गिरणीचा पगार गिरणी कामगाराच्या घरात थांबत नव्हता. तो खानावळीत, शिंप्याकडे, सायकलच्या दुकानात आणि भिशीत फिरत होता. भरपाई एका घराला मिळते. नुकसान गल्लीभर होते.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. १९८६ साली केंद्राने बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी तिची उतरती भाजणी. म्हणजे तीन वर्षांत कामगार आपले आपण काहीतरी शोधेल, हे त्यात धरून चाललेले. कुठे शोधेल, त्याला कोण घेईल, याची जबाबदारी कुणावरच नव्हती. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवे कौशल्य देऊन पुन्हा कामाला लावायचे, अशी त्याची भाषा होती. त्यातला फार मोठा वाटा सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला आणि २००० साली तो निधी गुंडाळला गेला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा एक पुनर्कौशल्य निधी आहे, मालकाने कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार भरावा असा. पण मालकाच्या वर्गणीचे ते कलम फक्त कामगारकपातीला लागू आहे. अख्खा कारखानाच बंद केला तर ते लागू होत नाही. ज्या वेळी गरज सर्वांत मोठी, नेमकी तीच वेळ त्यातून वगळली गेली आहे.

या सगळ्या योजनांमागे एक समजूत आहे: काम गेले म्हणजे उत्पन्न गेले, तेव्हा उत्पन्नाचा काही भाग भरून दिला की प्रश्न सौम्य होतो. ही समजूत किती अपुरी आहे, हे नव्वद वर्षांपूर्वीच एका छोट्या गावाने दाखवून दिले होते. व्हिएन्नाजवळच्या ग्रामाटनॉयझीडल या गावात मारिएन्थाल नावाची गिरणी वस्ती होती. १८३० पासून तिथे कापडगिरणी होती आणि वस्ती तिच्याच जिवावर उभी होती. १९२९ च्या उन्हाळ्यापासून एकेक खाते बंद होत गेले आणि १९३० च्या सुरुवातीला सारे थांबले. पुढच्या दोन वर्षांत मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावात राहून अभ्यास केला. गावात ४७८ कुटुंबे होती आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबांत कमावते कुणीच नव्हते.

बेकारीने माणसे चिडतील, संघटित होतील, उठाव करतील, अशी तेव्हाच्या अनेकांची अपेक्षा. अभ्यासकांना उलटेच आढळले. हाताशी रिकामा वेळ भरपूर असूनही गावाच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण १९२९ ते १९३१ या काळात जवळजवळ निम्म्यावर आले, आणि तेही वाचनालय फुकट झाल्यानंतर. संस्थांच्या बैठका ओस पडू लागल्या. अभ्यासकांनी घड्याळ लावून रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. त्यांना कुठे पोचायचेच नव्हते. दिवसभरात काय केले ते लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना दिवसाचे तास भरता येईनात. बायकांची गोष्ट वेगळी होती. गिरणीतले काम गेले तरी घरातले काम गेले नव्हते, उलट कमी पैशांत तेच भागवायचे म्हणून ते वाढले होते. त्या थकत होत्या, पण त्यांचा दिवस मोडला नव्हता.

या अभ्यासाचा सोयीस्कर अर्थ काढू नये. मारिएन्थालमध्ये ज्या घरांना जास्त भत्ता मिळत होता ती घरे जास्त सावरलेली होती, हेही त्यात नोंदलेले आहे. भत्ता संपत आला की आशाही संपत येई. तेव्हा पैसा गौण आहे, असे मी म्हणत नाही. पण भत्ता मिळत असतानाही माणसे आतून खचत गेली, हे तितकेच खरे आहे. याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचे म्हणणे असे की नोकरी पगाराशिवाय आणखी काही देते: दिवसाला घडी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपल्या एकट्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक जागा, आणि हातपाय हलवत ठेवणारी सक्ती. आपल्या गिरणगावांत वाढलेल्या कुणालाही हे पटवून द्यावे लागणार नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस, साचेखात्यातला माणूस, बदलीतून कायम झालेला माणूस, ही तिथली ओळख होती. भजनी मंडळ, तालीम, गणपती, पतपेढी, युनियन, सगळे गिरणीच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळून चालत होते.

आता सोलापूरकडे परत येतो, कारण मारिएन्थालने जे दाखवले नाही ते सोलापूरने दाखवले. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली, राज्य सरकारच्या महामंडळाकडे असलेली नरसिंगगिरजीही पुढे थांबली. १९३० साली ज्यांच्या बळावर या शहराने इंग्रजांचा मार्शल लॉ अंगावर घेतला, त्यांत याच गिरण्यांचे कामगार होते. पण मारिएन्थालसारखे सोलापूर गोठले नाही. इथे काम परत आले, आपोआप आले. पूर्वभागात यंत्रमाग वाढत गेले. तेलंगणातून पूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांचा वारसा होता, सूत होते, रंगणी होती, बाजार होता. चादर आणि टॉवेल सोलापूरच्या नावाने देशभर गेले, परदेशी गेले. बिडीचा धंदा तर आधीपासूनच होता, घरोघरच्या बायकांच्या हातांवर चालणारा. अलीकडे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांनी शहरात चांगला जम बसवला आहे.

बाजारावर पूर्ण श्रद्धा असलेले लोक हेच उदाहरण देतात. गिरण्या गेल्या, शहर जगले, मग हमी कशाला? घटना त्यांनी बरोबर सांगितली आहे, हे मी मान्य करतो. पण कोणते काम परत आले ते पाहा. गिरणीत ज्याला हजेरी होती, पाळी होती, फंड होता, ईएसआयचे कार्ड होते, तो यंत्रमागाच्या शेडमध्ये कापडाच्या नगावर किंवा मीटरवर मजुरी घेऊ लागला. माग चालला तर मजुरी, वीज गेली तर नाही, सूत महागले तर नाही. टॉवेलची शिलाई घरी आली. आणि बिडी कामगार बाईचा दिवस कसा असतो? रात्री पाला भिजवायचा, पहाटे कापायचा, स्वयंपाक आणि मुलांचे आवरून तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, संध्याकाळी माल नेऊन द्यायचा, तिथे छाट काढली जाणार आणि उरलेल्या हजारी हिशेबावर मजुरी मिळणार. तंबाखूची पूड घरभर, तिथेच मूल झोपलेले. एका पगारावर जगणारे घर आता चौघांच्या तुकड्या-तुकड्यांच्या कमाईवर जगू लागले. काम वाढले आणि मिळकत घटली. हा रोजगार परत येणे नव्हे; गिरणीच्या भिंतीआड जे हक्क मिळवले होते ते घराच्या भिंतीआड हरवणे आहे. मारिएन्थालच्या बायकांचा दिवस मोडला नव्हता, तसाच इथल्या बायकांचाही मोडला नाही, आणि सारा भार त्यांच्यावर पडला. शहर त्यांच्या जिवावर तरले.

म्हणून ‘किती नोकऱ्या निर्माण झाल्या’ हा आकडा मला अपुरा वाटतो. त्या कुणाला मिळाल्या, गेलेल्या कामाच्या तुलनेत त्यांची मजुरी आणि सुरक्षा किती, एवढे तरी त्याच्या शेजारी लिहिलेले असावे.

दुसरा मार्ग म्हणजे बंद कारखान्याच्या जागी नवा कारखाना. प्रत्येक निवडणुकीत याच मार्गाचे आश्वासन दिले जाते, म्हणून त्याचे एक उदाहरण नीट पाहायला हवे. अचलपूरची विदर्भ मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होती. ती संपली, आणि महामंडळाने मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी विकून आलेल्या पैशातून अचलपुरात नवी, आधुनिक फिनले मिल उभी केली. यामागचा विचार चांगला होता. कापूस पिकतो तिथेच सूत निघावे, महानगराच्या जमिनीचे मोल छोट्या शहराच्या कामात उतरावे. मुंबईत फिनिक्स मिलच्या आवारात आणि नागपुरात एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभे राहिले, त्या तुलनेत हे कितीतरी शहाणपणाचे. पण मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर फिनलेही थांबली. टाळेबंदी उठली तरी गिरणी पूर्ववत सुरू होईना, आणि अर्ध्या पगारावर बसलेल्या कामगारांना आंदोलने करावी लागली. यंत्रे नवी होती, कापूस जवळ होता, मालक सरकार होते. तरी शहराचे पोट एकाच दाराशी बांधलेले राहिले, आणि ते दार उघडायचे की नाही हे दिल्लीत ठरत होते.

खासगी नव्या कारखान्याचे याहून वेगळे नाही. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत सवलती मुख्यतः गुंतवणुकीच्या आकाराशी बांधलेल्या असतात, आणि आजचा मोठा कारखाना मोठ्या गुंतवणुकीत थोडी माणसे लावतो. जी लावतो ती तरुण, आयटीआय झालेली, बहुधा कंत्राटदारामार्फत. पंचेचाळिशीचा विणकर किंवा जॉबर त्या रांगेत उभाही राहू शकत नाही. नवा कारखाना आला तर त्याचे स्वागत करावे. ज्यांचे काम गेले त्यांना काम मिळण्याचा तो मार्ग आहे, असे मात्र त्यांना सांगू नये.

कामगारांनीच कारखाना चालवावा, ही कल्पना मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिच्या मर्यादा लपवणे योग्य नाही. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स १९८८ मध्ये बीआयएफआरच्या, म्हणजे आजारी उद्योगांसाठीच्या केंद्रीय मंडळाच्या, मंजुरीने कामगारांच्या सहकारी संस्थेने ताब्यात घेतली. देशभर त्याची चर्चा झाली. कामगारांनी स्वतःचा पैसा घातला, उत्पादन पुन्हा सुरू केले, सुरुवातीची काही वर्षे चांगली गेली. पुढे कंपनी पुन्हा अडचणीत आली. कामगारांना यंत्र चालवता येते, पण बँक खेळते भांडवल देत नाही, बाजार उधारीवर चालतो, आणि व्यवस्थापनाचे शिक्षण त्यांना कुणी दिलेले नसते. सहकाराने साखर कारखाने उभारलेल्या महाराष्ट्रात कामगार सहकारासाठी भांडवलाची आणि व्यवस्थापनाची तशी रचना उभी राहिली नाही, याची मला फार खंत वाटते. ती करता येण्यासारखी आहे. मात्र तिला वेळ लागतो, आणि बंद पडलेल्या शहराकडे नेमका वेळच नसतो.

तेवढ्या वेळात माणसांना सांभाळायचे कसे, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवला आहे. फक्त तो शेतातला प्रश्न होता. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात तोच विचार राज्यभर गेला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि काम मागणे हा नागरिकाचा हक्क झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची प्रेरणा इथलीच. या योजनेसाठी पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. शहराने खेड्याच्या कामाची हमी भरावी, हे फार उमदे तत्त्व होते. पण हमी लागू होती ग्रामीण भागाला आणि लहान ‘क’ वर्ग नगरपालिकांना. ज्या गिरणी कामगाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जात होता, त्याची गिरणी बंद पडली त्या दिवशी त्याच हमीवर त्याचा काडीचाही हक्क नव्हता. सोलापूर, मालेगाव, इचलकरंजी, हिंगणघाट, कुठल्याच शहराचा नव्हता.

शहरी रोजगार हमीचे प्रयोग इतर राज्यांत झाले आहेत. केरळात अय्यनकाली योजना आहे, राजस्थानने २०२२ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्राने मात्र आपलाच वारसा शहरापर्यंत नेला नाही. नेताना एक दोष सुधारावा लागेल. रोजगार हमीचे काम म्हणजे अंगमेहनतीचे, अकुशल काम. दुष्काळात शेतमजुराला ते चालले. वीस वर्षे सूत, ताणा आणि रंग ओळखणाऱ्या माणसाला खडी फोडायला लावणे म्हणजे त्याच्या हातातले कौशल्य आपणच फेकून देणे. आणि ते कौशल्य शहराची ठेव आहे. बँकेतल्या रकमेपेक्षा लवकर झिजणारी.

इथे पुन्हा मारिएन्थालचे उदाहरण कामी येते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच ग्रामाटनॉयझीडल गावात खालच्या ऑस्ट्रिया प्रांताच्या रोजगार सेवेने एक कामाची हमी सुरू केली. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असेल तर, आधी सुमारे दोन महिने तयारीचे प्रशिक्षण आणि मग पगारी काम. खासगी मालकाकडे अनुदानित नोकरी, किंवा गावातच नव्याने उभारलेल्या उपक्रमात. सक्ती नाही, आणि पगार ठरलेल्या सामूहिक करारानुसार. कुणाला बागकाम, कुणाला सुतारकाम, कुणाला जुन्या वास्तूंची डागडुजी, ज्याला जे जमते ते. अर्थशास्त्रज्ञ मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेहनर यांनी त्याचे मूल्यमापन केले. सहभागी माणसांची आर्थिक स्थिती सुधारलीच, शिवाय दिवसाची घडी, माणसांत मिसळणे, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना, याही बाबतीत ठळक सुधारणा दिसली. १९३० च्या दशकात याहोडाबाईंनी जे हरवलेले नोंदवले होते, तेच काम मिळाल्यावर परत आलेले दिसले. गावातली दीर्घकाळची बेकारी जवळपास संपली. गाव छोटे, देश श्रीमंत, हे खरे. पण एखाद्या शहरावर संकट आले असताना मोजक्या माणसांसाठी ठरावीक मुदतीची हमी देणे हे आपल्या राज्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मला वाटत नाही.

आवाक्याचा पुरावा सोलापुरातच आहे. कुंभारी इथे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने बिडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये त्या घरांचे हस्तांतर झाले. त्यानंतर रे नगर आले, तीस हजार घरांची योजना. त्यांतली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली. दोन्ही वेळचे पंतप्रधान वेगळ्या पक्षांचे, पण घर दोन्ही वेळा मिळाले. संघटित स्त्रियांनी मागितले, सरकारांनी दिले, बांधून दाखवले. आता त्या पक्क्या घराच्या कोपऱ्यात पूर्वीच्याच हजारी मजुरीवर बिडी वळली जाते. निवाऱ्याचा प्रश्न या प्रमाणावर हाती घेता येतो, तर कामाचा का नाही?

काम कमी आहे, असे तर सोलापुरात कुणी म्हणणार नाही. उजनी धरण भरलेले असतानाही ज्या शहरात पाणी कित्येक दिवसांआड येते, तिथे गळक्या वाहिन्या शोधण्यापासून काम सुरू होते, आणि त्यासाठी गिरणीतल्या फिटरपेक्षा योग्य माणूस कोण? हिप्परगा तलावाचा गाळ, महापालिका शाळांची दुरुस्ती, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा, ही सगळी कामे लोकांना हवी आहेत आणि कुणी पैसे देत नाही म्हणून पडून आहेत. दुसरीकडे यंत्रमागाला आधार द्यायला हवा. छोट्या मागवाल्याला स्वतःचे रंगणीचे सांडपाणी शुद्ध करता येत नाही, सुताची चाचणी परवडत नाही, नवे डिझाइन काढायला माणूस नाही. म्हणून तो मजुरी दाबून टिकतो. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर पानिपतच्या स्वस्त नकलेशी स्पर्धा करते, ती अशी. सामायिक रंगणी, चाचणीघर, डिझाइन केंद्र हमीतून आलेल्या जुन्या कुशल कामगारांच्या हाताने उभे करा, आणि त्या सोयी वापरणाऱ्या मालकाला फंड आणि किमान वेतनाची अट घाला. सवलत आणि अट एकाच कागदावर असली पाहिजे. गिरण्यांच्या ज्या जमिनी सरकारी महामंडळांकडे आहेत, त्यांच्या काही भागावर कामाचे गाळे राखून ठेवायला तर खासगी मालकाचा अडथळाही नाही.

सरकारी खरेदीचाही आधार मिळू शकतो, सावधपणे. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या गणवेशाचे कापड एकाच ठिकाणाहून घेऊन बचतगटांकडून शिवून घेण्याचे ठरवले. गणवेश उशिरा पोचले, तक्रारी झाल्या, पुढच्या वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. त्यावरून सरकारी खरेदी नकोच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ज्या शहरात शिवणाऱ्यांची सवय, यंत्रे आणि वेळापत्रक आहे, तिथे आगाऊ आणि बहुवर्षीय मागणी द्यावी, एवढाच त्याचा धडा.

एक गंभीर आक्षेप उरतो. लोकांना त्या शहरात धरून का ठेवायचे? पुण्याला काम आहे, त्यांनी जावे. तरुण जातातच, हुतात्मा एक्सप्रेस रोज भरून जाते. पण जो जाऊ शकत नाही तोच प्रश्नाचा गाभा आहे: ज्याचे घर इथे आहे, आईबाप इथे आहेत, ज्याच्या बायकोच्या बिडीच्या मजुरीवर घर तगले आहे. शिवाय माणसाने दुसरे काम धरले की नुकसान भरून निघते, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जेकबसन, लालॉंड आणि सलिव्हन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घ सेवेनंतर काम गमावलेल्या कामगारांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमीच होती. हे अशा देशातले, जिथे माणूस गाडी काढून दुसऱ्या राज्यात जातो. आपल्याकडे जाणाऱ्याला पुण्याच्या कडेला खोलीचे भाडे, कंत्राटी काम आणि गावाकडचे दोन पोटांचे ओझे मिळते. जाण्याचा हक्क सगळ्यांना असावा. जाण्याची सक्ती ही धोरण म्हणून मला मान्य नाही.

खर्चाचे उत्तर व्यवसाय करात आहे. तो आजही मुख्यतः शहरांतूनच वसूल होतो. त्यातला ठरावीक वाटा बंद पडलेल्या उद्योगांच्या शहरांसाठी राखून ठेवण्यात मूळ तत्त्वाचा भंग नाही, विस्तार आहे.

आणि सुरुवात कुठून करायची, तर बंद होण्याच्या आधीपासून. मोठा कारखाना बंद करायचा तर किमान नव्वद दिवस आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो. २०२० च्या संहितेने या परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली; त्याखालच्या पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला फक्त साठ दिवसांची नोटीस पुरते. ही मर्यादा पुन्हा खाली आणली पाहिजे. पण कायदा आहे तसाच राहिला तरी ते साठ आणि नव्वद दिवस आज वाया जातात. त्या मुदतीत जिल्हाधिकारी, महापालिका, कामगार संघटना आणि आयटीआय यांनी कारखान्यात जाऊन प्रत्येक कामगाराचे वय, खाते, येणारे काम आणि त्याची इच्छा यांची नोंद करावी. किती जणांना जवळच्या उद्योगात जागा आहे, किती जणांना हमीचे काम लागेल, किती बायका पहिल्यांदाच मजुरीला बाहेर पडतील, याचा अंदाज लेखी मांडावा. कारखान्याच्या पगारावर चालणाऱ्या दुकानांची आणि खानावळींचीही त्यात मोजणी असावी. परवानगीच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर कंपनीच्या ताळेबंदाबरोबर ही यादीही ठेवली जावी. आणि हमीचे पहिले काम शेवटच्या पाळीनंतर तीस दिवसांच्या आत सुरू व्हावे, असे कायद्यात लिहावे.